वाफसा येईपर्यंत मैदान सोडा

ताई, नमस्कार.
मी कोल्हापुरात नदीकडच्या एका पेठेत राहतो. आमच्या तालीम मंडळाचा खजिनदार आहे. या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी आमच्या फुटबॉलच्या मैदानावर आठवडाभर उभं होतं. ओसरून आता पाच दिवस झाले. कुठं बोटभर, कुठं वीतभर गाळ आहे. गोलपोस्टजवळ तर पाय रुततोय. मंडळाची चाळीस पोरं फावडी-घमेली घेऊन तयार आहेत, गणपतीच्या आधी एक तरी मॅच घ्यायचीच म्हणतात. एक माजी नगरसेवक जेसीबी फुकट देतो म्हणाले आहेत. पण वर्षानुवर्षं मैदान सांभाळणारे आमचे माळीमामा अडून बसलेत, "कुणी पाय ठेवायचा नाही." गल्लीतली माणसं तोंडावर बोलतात, "लोकांची घरं राडीत आणि ह्यांना खेळाचं पडलंय." ज्या मंडळाशी आमचं मैदानात कधीच पटलं नाही, ती पोरंही मदतीला येतो म्हणतात, पण आमच्यातल्या निम्म्यांना ते नको आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्याही घरात कमरेएवढं पाणी होतं. बायको रोज विचारते, "तुम्हाला घर दिसत नाही काय?" मैदानाचा नाद धरला हे चुकलं काय?
– एक खजिनदार, कोल्हापूर

दादा,

जेसीबीवाल्याला आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचे माळीमामा अडून बसलेत ते उगाच नाही. शेतकऱ्याला विचारा, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती चिकटणार नाही इतपत सुकल्याशिवाय, तो रानात औत घालत नाही. ओल्या मातीवरून चाक फिरलं की कणांमधली हवेची जागा दाबली जाते. वरून रान सपाट दिसतं, खाली मात्र घट्ट थर धरतो. त्यातून पाणी मुरत नाही आणि मूळ खाली जात नाही. शेतात निदान नांगर घालून तो थर फोडता येतो, मैदानात नांगर घालणार काय? जेसीबी तासाभरात गाळ काढून देईल, पण त्याबरोबर मैदानातल्या गवताची, हरळीची मुळंही उचलेल आणि मागं चाकोऱ्या ठेवून जाईल. पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक पावसात त्याच चाकोऱ्यांत पाणी साचेल आणि नेमकं तिथंच कुणाचा तरी घोटा मुरगळेल.

आपल्याकडचा पूर जसा चढतो तसा उतरत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. पण मैदानाचं नुकसान नुसत्या उंचीनं ठरत नाही, पाणी किती दिवस उभं राहिलं यावरही ठरतं. नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही, मागं फूग येते आणि पाणी जागच्या जागी थांबतं. थांबलेल्या पाण्यात आधी वाळू आणि जाड कण बसतात, सगळ्यात बारीक चिकणमाती शेवटी बसते. म्हणजे आज तुमच्या मैदानावर जो वरचा थर आहे तो सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चिकट. तो गवतावर झाकणासारखा बसलाय. खाली हवा जात नाही, वरून पडलेला पाऊस मुरत नाही. गवत पाण्याखाली जितकं मरत नाही तितकं या झाकणाखाली मरतं.

म्हणून माळीमामांचं सगळंच मी मान्य करत नाही. मधल्या भागात पाय नको, हे सोळा आणे खरं. पण नुसतं वाट बघत बसणंही चालणार नाही. कडेचे चर आजच मोकळे करायला घ्या. पुरात वाहून आलेलं प्लॅस्टिक, थर्माकोल, उसाचा पाला, कुणाच्या तरी दारातली चटई, हे सगळं चरांच्या तोंडाशी अडकलेलं असतं, आणि ते निघत नाही तोवर मैदान वाळायचं नाव घेत नाही. कडेनं फळ्या टाकून, फळीवरच उभं राहून हे काम करता येतं. दहा पोरं पुरेत. उरलेल्या तीस पोरांचं काय, हा खरा प्रश्न आहे, आणि गल्लीतल्या लोकांच्या बोलण्याचं उत्तरही त्यातच आहे.

मैदान वाळायला उघडीप मिळाली तरी आठवडा-दीड आठवडा जाईल, पाऊस लागून राहिला तर जास्तच. तेवढे दिवस ही तीस पोरं घरांना द्या. मी तुम्हाला त्याग करा म्हणत नाहीये. मैदानालाच हे दिवस तुमची गरज नाही, आणि घरांना आत्ताच आहे. भिंतीवर आणि फरशीवर बसलेला गाळ एकदा का वाळून घट्ट झाला की खरडून काढावा लागतो, ओला असेपर्यंत पाण्यानं आणि खराट्यानं निघतो. म्हणजे घरातला गाळ ओला असताना काढायचा आणि मैदानातला वाळल्यावर. आधी कुठं जायचं हे गाळच सांगतोय, आणि तुम्ही मंडळी नेमकं उलटं करायला निघाला होता.

घरं साफ करायची तीही जरा डोकं वापरून. दारात फावडं लागायच्या आधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. फ्रीज, कपाट, शिलाई मशीन, पीठगिरणीची मोटर, जे काही भिजलंय त्या प्रत्येकाचा वेगळा फोटो हवा. पंचनामा व्हायच्या आधी सामान उकिरड्यावर गेलं की नंतर अधिकाऱ्याला काय दाखवणार? म्हाताऱ्या माणसांना हे सुचत नाही, तुमच्या पोरांच्या हातात फोन असतोच. कागदपत्रं ओली असतील तर कडक उन्हात टाकू नका. सावलीत दोरीवर, एकेक पान वेगळं करून वाळवा. मीटर, बोर्ड आणि मोटरला कुणी हात लावायचा नाही, वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तुमच्या मैदानावर दिव्यांचं पॅनेल असेल तर त्यालाही हाच नियम.

आता तुमच्या घरी. वहिनी विचारतात ते बरोबरच विचारतात. मंडळाच्या पोरांची पहिली पाळी खजिनदाराच्या घरी लागली तर बरं दिसणार नाही, असं तुमच्या मनात असणार. मग पोरं नका बोलावू, तुम्ही स्वतः घरी थांबा. दोन दिवस मंडळाकडं फिरकू नका, वही सेक्रेटरीकडं द्या. गाद्या उन्हात टाकणं, डबे गरम पाण्यानं धुणं, भिजलेल्या धान्यातलं काय फेकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवणं, ही कामं वहिनींनी एकटीनं करायची नसतात. धान्याचं मीच सांगून टाकते. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य, पीठ आणि तिखट वाळवून वापरायचं नाही, फेकायचं. जीव तुटतो, मला माहीत आहे. पण त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात. गावाकडनं आलेलं वर्षाचं तांदूळ टाकायला बायकोला एकटीला सांगणारा नवरा मला पसंत नाही, दोघांनी मिळून टाका.

आणि मैदानाचा नाद चुकलाय काय, असं विचारलंत. नाही. जिथं पोरांना शाळा सुटल्यावर आणि कामावरनं आल्यावर जायला एकच जागा आहे तिथं ती जागा सुधारणं ही चैन नव्हे. ज्या गावात राजर्षी शाहूंनी खासबागसारखं कुस्तीचं मैदान बांधलं, ज्या गावात शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी पेठ दुपारनंतर दुकानात सापडत नाही, तिथं हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं. चूक नादात नाही, क्रमात होती. घरं आधी झाली की गल्लीतल्या तोंडांचं तुम्हाला फार मनावर घ्यावं लागणार नाही. अर्थात एकदोघं तरीही बोलतीलच, त्यांच्या घरात पाणी आलं नसेल तर जरा जास्तच बोलतील.

वाफसा आला हे कसं ओळखायचं? गाळाच्या खालची, मूळ मैदानाची मूठभर माती घ्या आणि दाबा. चेंडू झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर नुसता चपटा झाला तर थांबा. टिचकीसरशी भुगा झाला तर कामाला लागा. गोलपोस्टजवळची माती वेगळी बघा, ती सगळ्यात शेवटी येईल. वरचा गाळही तोवर तडकून त्याच्या खपल्या झालेल्या असतील. कडेला बोट घालून उचललं की ताटाएवढी खपली अख्खी निघते आणि खाली पिवळी पडलेली हरळी दिसते. पिवळी दिसली म्हणून हबकू नका. एक काशी, म्हणजे हरळीचं जमिनीतलं खोड, उपटा आणि नखानं सोला. आत पांढरी आणि करकरीत असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी, पोकळ आणि कुजका वास येत असेल तर गेली. हरळीचा जीव मोठा चिवट असतो. उसातली हरळी काढता काढता शेतकऱ्याची पिढी जाते, ती आठवडाभराच्या पाण्याला सहसा भीक घालत नाही.

आता जरा हिशेब करू, तुम्ही खजिनदार आहात म्हणून. मैदान ६० गुंठ्यांचं धरा. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे ६५,३४० चौरस फूट. सरासरी दोन इंच गाळ असेल तर १०,८९० घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून १०९ ब्रास. घमेल्यात अर्धा घनफूट धरला तरी जवळजवळ बावीस हजार घमेली. चाळीस पोरांत वाटली तर प्रत्येकी साडेपाचशेच्या आसपास, आणि घमेलं भरून अर्ध्या मैदानाचं अंतर तोडायचं. पहिल्या दिवशी सगळे येतील, दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसलेले असतील.

म्हणून सगळा गाळ काढायचाच नाही. जिथं अर्ध्या इंचापेक्षा पातळ थर आहे तिथं नुसता दाताळ्यानं खपल्या फोडा आणि खराट्यानं पसरा, हरळी त्यातून वर येते. दोन इंच आणि त्यावर आहे तिथला काढलाच पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या जाडीचा थर जिथं आहे तिथला माळीमामांनी बघून ठरवायचा, तिथं माझ्यापेक्षा त्यांचा डोळा बरा. चुना टाकून तीन प्रकारच्या खुणा करून घ्या, म्हणजे पोरं उत्साहाच्या भरात गवतासकट मैदान सोलणार नाहीत. फावडं आडवं धरायचं, उभं मारायचं नाही, एवढं एक वाक्य रोज सकाळी ओरडून सांगा.

गाळ काढून झाला की काहीजण म्हणतील वर वाळू टाकू या, छान दिसेल. टाकू नका. चिकण गाळाच्या पातळ थरावर वाळू टाकली की दोन वेगवेगळ्या मातींचे थर होतात, पाणी त्या सांध्यावर अडतं आणि मैदान वर्षभर स्पंजासारखं राहतं. त्याऐवजी भोकं पाडा. चार इंच खोल, अर्ध्या-अर्ध्या फुटावर. बागेतला चार दातांचा लोखंडी काटा चालतो, पण ६० गुंठ्यांना तो पुरणार नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत ओळखीचा कोण ना कोण असेलच, पोकळ पाइपाचे तुकडे जोडलेलं ढकलायचं ड्रम करून घ्या. पाइप पोकळच हवा, भरीव खिळा माती बाजूला दाबतो, पोकळ पाइप तिचा तुकडा काढून आणतो. मग त्या भोकांत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत खराट्यानं लोटा. वाळूची जागा तिथं आहे. मेलेल्या पट्ट्यांवर हरळीच्या काश्या हातभर अंतरानं लावा. कुठल्याही ऊसवाल्याच्या बांधावर जाऊन हरळी नेऊ काय विचारा, तो वर चहा पाजेल.

युरियाची पोती आणायची घाई नको. गाळाबरोबर काय काय आलंय ते बघायला मातीचा नमुना द्या. आपल्याकडं कृषी महाविद्यालय आहे, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळा आहे. मैदानाच्या पाच-सहा ठिकाणची माती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो न्या. ब्लीचिंग पावडरही गवतावर ओतू नका, ती खोलीत, नळाजवळ आणि मोरीत वापरा.

एक गोष्ट मात्र मी हलक्यानं सांगणार नाही. या चिखलात उंदरा-घुशींचं आणि जनावरांचं मूत मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला नुसती खरचट असली तरी जंतू आत जातात. ताप लगेच येत नाही, सहसा एक-दोन आठवड्यांनी येतो आणि तोवर पोरगं विसरलेलं असतं की आपण चिखलात होतो. गमबूट आणि हातमोजे नसतील त्यानं घरी जायचं, मग तो कितीही मोठा स्ट्रायकर असो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय काय ते विचारा. प्रतिबंधाच्या गोळ्या कुणाला द्यायच्या हे डॉक्टरनं ठरवायचं, मेडिकलमधून आणून शेंगदाण्यासारख्या वाटू नका. आणि महिनाभरात ताप, पिंढऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरला आधी "मी पुराच्या चिखलात काम केलंय" हे सांगायचं. पाल्याच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीनं हलवा. पुरात नाग, घोणस, मण्यार सगळे वाहून येतात आणि ते असल्याच ढिगात बसतात. मारू नका, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मंत्र-तंत्र नाही, ब्लेडनं चिरणं नाही, तडक सीपीआर, म्हणजे आपला मोठा सरकारी दवाखाना, गाठायचा.

माजी नगरसेवकांना दुखवू नका, त्यांच्या जोगं काम आहे. एवढा गाळ उचलून न्यायला ट्रॉल्या लागतील, त्या त्यांच्याकडं मागा, आणि चाळीस जोड गमबूटही. ट्रॉली फाटकाबाहेर, डांबरावर उभी राहील. आत येणार नाही. गाळ कुठं टाकायचा ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी लेखी विचारा, नाहीतर इथला उचलून नदीकाठीच टाकाल आणि पुढच्या पुरात तोच परत आणाल. वीटभट्टीवाले घेतील, पण काच-प्लॅस्टिक वेगळं काढून मागतील. वर्गणी येईल तिची पावती फाडा, दहा रुपये असले तरी. पूर आला की पैसा भावनेनं येतो आणि हिशेब मागणारे तीन महिन्यांनी येतात.

राहिली ती दुसऱ्या मंडळाची पोरं. तुमच्यातल्या निम्म्यांना नको आहेत म्हणता. त्यांच्यापुढं वरचा हिशेब ठेवा. साडेपाचशे घमेली एकट्यानं वाहायची असतील तर मानापमान करा, पावणेतीनशेवर यायचं असेल तर त्यांना बोलवा. पण मिसळून काम देऊ नका. पहिल्याच दिवशी मागच्या फायनलच्या पेनल्टीवरून वाद निघेल आणि फावडी हातात असतील. मधल्या रेषेवर दोरी बांधा, नदीकडची बाजू त्यांना, रस्त्याकडची तुम्हाला. त्यांचा मुकादम त्यांचा, तुमचा तुमचा, आणि दोघांच्या वर माळीमामा. एकदा अशी वाटणी झाली की कुणाची बाजू आधी होते यावर पोरं पेटतील, तुम्हाला हाकारावंही लागणार नाही. जेवण मात्र एकाच पातेल्यातलं ठेवा आणि वाढायला एक तुमचा, एक त्यांचा बसवा. बॅनर नको. कुणी लावलाच तर दोन्ही मंडळांची नावं सारख्या आकारात.

गणपतीच्या आधी मॅच होणार नाही, हे पोरांना आजच सांगून टाका, रोज थोडं थोडं सांगू नका. लावलेली काशी धरायला दोन महिने लागतात. तोवर सरावाला दुसऱ्या कुणाचं मैदान मागा. हंगाम तसाही दिवाळीनंतर तापतो. तारीख माळीमामांना विचारूनच जाहीर करा, आणि ते म्हणाले अजून पंधरा दिवस, तर अजून पंधरा दिवस.